हसण्याची हजेरी

सकाळी खडकी स्टेशनावर लोकलमधून उतरणाऱ्या बायका बघा. हातात डबा, पायात घाई. कुणी झाडूवाली, कुणी पॅकिंगला. सगळ्या ठेकेदाराच्या मस्टरवर. माझी थोरली बहीण त्यातलीच. सुपरवायझर दिसला की ती हसते. नाही हसली तर भरल्या दिवसाचा खाडा पडतो. आणि तो चहाच्या टपरीवर सांगतो, "बाई लाईन देते."

मी भडकलो. ती म्हणाली, "बाळा, मी त्याच्या तोंडाकडं बघून हसत नाय. त्याच्या हातातल्या वहीकडं बघून हसते."

ही वही साहेबाला दिसत नाही. त्याला वाटतं आपण देखणे आहोत! तीच बाई हसायची थांबली की माजली. आणि आपल्या वस्तीतल्या पोरानं केबिनमधल्या बाईकडं नुसतं पाहिलं तरी तो गुंड. नजरेचा अर्थ खुर्ची लावते, त्यावर जात शिक्का मारते.

न्यायदेवता तरी काय वेगळी? 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मथुरेवर अत्याचार झाला. हायकोर्टानं दोघा पोलिसांना शिक्षा दिली. 1978 साली सुप्रीम कोर्टानं सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती! ठाणं कुणाचं, वर्दी कुणाची, हे गौण. 1979 साली चार कायदेपंडितांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठं 1983 साली कायदा बदलला. कोठडीतली बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टानं तेच धरून चालायचं.

2013 चा कायदा ठेक्यावरच्या बाईलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं समिती पाहिजे. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत. पण समितीकडं गेलेल्या बाईची उद्याची हजेरी कोण मांडणार? तोच सुपरवायझर!

आता आपलं बोलू. मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. मुकादम आठ दिवस गावी गेला, मॅट्रिक म्हणून वही माझ्याकडं आली. झाडलोट करणारी एक बाई म्हणाली, "दादा, चहा घ्या." रात्रभर मी तिच्यावर कविता केली. नवव्या दिवशी मुकादम परतला. चहा त्याच्याकडं गेला.

कविता मी फाडली. लाज अजून फाटत नाही.

आपल्या शाखेतही पदं आहेत, पावतीपुस्तकं आहेत, भाषणाला कुणाचं नाव घ्यायचं ते ठरवणारे आपणच. तिथली पोरगी हसली, तर आधी आपल्या हातात काय आहे ते बघा.