‘अमिड’च्या आडून

इंग्लिश पेपर घ्या, बिझनेसचं पान काढा आणि हेडलाइन्समधले ‘अमिड’ मोजा. एक-दोन तरी सापडतीलच. ‘अमिड प्रोटेस्ट्स’, ‘अमिड स्लोडाऊन’, ‘अमिड लेऑफ्स’. २०२० साली तर ‘अमिड पॅन्डेमिक’शिवाय पान लागत नव्हतं!

तसा हा शब्द आपल्या भाऊबंदांतलाच. जुन्या इंग्लिशमधल्या ‘ऑन मिडन’चा, म्हणजे ‘मधोमध’चा, झिजून ‘अमिड’ झाला. त्यातला ‘मिड’ आणि आपल्या ‘मध्ये’तला संस्कृत ‘मध्य’ यांचं मूळ एकच. तरी आपण घोळ घालतोच. ‘अमिड ऑफ’ असं काही नसतं, बॉस. ‘ऑफ’ हवाच असेल तर ‘इन द मिड्स्ट ऑफ’ म्हणा, आणि मधला ‘द’ खाऊ नका. एकेक मोजता येतील अशी माणसं किंवा वस्तू असतील तर ‘अमंग’: अमंग फ्रेंड्स. गोंगाट, गोंधळ, टेन्शन असं चहूबाजूंनी वेढणारं काही असेल तर ‘अमिड’. ‘अमिड्स्ट’चा अर्थ तोच, फक्त शेपूट लांब. अमेरिकन क्लायंटला ते जरा नाटकी वाटू शकतं, तेव्हा मेलमध्ये साधं ‘अमिड’च बरं.

ग्रामर संपलं. खरी गंमत पुढे आहे.

हेडलाइनवाल्यांना हा शब्द आवडतो, कारण तो चारच अक्षरांचा आहे आणि काहीच कबूल करत नाही. समजा, बातमी आहे ‘अमिड लेऑफ्स, सीईओज पे राइजेस’. पगार लेऑफमुळे वाढला? लेऑफ होऊनही वाढला? की दोन्ही एकाच तिमाहीत झालं, बस्स? डेस्कवरच्या सब-एडिटरकडे पुरावा नसेल तर त्याला ‘बिकॉज’ लिहिता येत नाही. तिथे ‘अमिड’ हा प्रामाणिक शब्द आहे. मराठी पेपरात हेच काम ‘पार्श्वभूमीवर’ करतं. निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर रस्त्यांना डांबर लागलं... काय ते समजून घ्या!

पण हाच शब्द एचआरच्या मेलमध्ये आला की कान टवकारा. ‘अमिड चॅलेंजिंग मार्केट कंडिशन्स, इन्क्रिमेंट्स हॅव बीन डिफर्ड.’ वाचताना वाटतं, बाहेर धो धो पाऊस पडतोय आणि बिचारं इन्क्रिमेंट ट्रॅफिकमध्ये अडकलंय. पुढे ढकलण्याचा निर्णय कुणीतरी मीटिंगमध्ये बसून घेतला, हे वाक्यात कुठेच नाही. सब-एडिटरला कारण ठाऊक नसतं म्हणून तो ‘अमिड’ लिहितो. मेल लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा ते ठाऊक असतं.

असा मेल आला की ‘अमिड’ खोडा आणि तिथे आळीपाळीने ‘बिकॉज ऑफ’, ‘डिस्पाइट’ आणि ‘ड्युरिंग’ घालून बघा. ‘बिकॉज ऑफ’ बसत असेल, तर पुढचा प्रश्न आपसूक सुचतो: मार्केटचा फटका आपल्या टीमच्या रेव्हेन्यूला नेमका किती बसला? ‘ड्युरिंग’च बसत असेल, तर मार्केटचा उल्लेख निव्वळ सजावट आहे. आणि काहीही बसो, ‘डिफर्ड’ म्हणजे कुठल्या महिन्यापर्यंत, आणि मिळेल तेव्हा मागच्या महिन्यांचा फरक धरून मिळणार का, हे रिप्लाय करून लेखी विचारा. कँटीनमध्ये कुजबुजून तारीख कळत नाही.

आणि हो, ‘अमिड अदर डेलिव्हरेबल्स’ रिपोर्ट राहून गेला असं बॉसला लिहिणार असाल, तर जपून. तोही पेपर वाचतो.