सही घेतली म्हणजे संमती मिळाली?

उदगीर-औशाहून लातूरला किंवा देगलूर-मुखेडहून नांदेडला ऑपरेशनसाठी आलेल्या पेशंटपुढे भरतीच्या वेळी कागदांची चळत येते. नातेवाईक डिपॉझिटच्या जुळवाजुळवीत. ‘इथं सही करा, इथं अंगठा’, एवढंच कानावर पडतं. एचआयव्ही तपासणीची संमती बऱ्याचदा त्याच चळतीत असते आणि ती देणाऱ्यालाच त्याचा पत्ता नसतो.

10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याला अशी सही पुरत नाही. तपासणी कशाची, हे समजून दिलेली संमती आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन, हे तो मागतो. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली तपासणी, नाव-गाव न नोंदवता होणारं सर्वेक्षण असे अपवाद आहेत. ऑपरेशन त्यांत नाही.

ऑपरेशनआधी रिपोर्ट हवाच, कारण सुई आम्हाला टोचते, असं डॉक्टर आणि नर्स म्हणतात. ती धास्ती खोटी नाही. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. मग रिपोर्ट पाहून ग्लोव्हज घालायचे की नाही ते ठरवणार काय? खबरदारी प्रत्येक पेशंटच्या वेळी घ्यायची असते. सुई टोचलीच तर 72 तासांच्या आत, खरं तर शक्य तितक्या लवकर, औषध सुरू करावं लागतं. ग्लोव्हजसारखं खबरदारीचं साहित्य आणि हे औषध पुरवण्याची जबाबदारी कायद्याने दवाखान्यावरच टाकली आहे.

संमतीचा एवढा आग्रह का? माणसाचा आजार चारचौघांत आला की काय होतं, हे लातूर जिल्ह्याने पाहिलं आहे. औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांचं ‘सेवालय’ एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळतं. 2009 मध्ये ही मुलं गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊ लागली, तर गावातून विरोध झाला. त्याच्या वीस वर्षं आधी गोव्यात रक्तदानातून निदान झालेल्या डॉमिनिक डिसोझा यांना तर पोलिसांनी उचललं आणि 64 दिवस कोंडून ठेवलं.

जोडीदाराला सांगण्याचा प्रश्न अधिक नाजूक. बाधित व्यक्ती स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटली आणि जोडीदाराला धोका असला, तर डॉक्टर किंवा समुपदेशक तिला कल्पना देऊन जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत सांगू शकतात. मात्र मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असलेल्या बाईवर नवऱ्याला सांगण्याची सक्ती नाही. गरोदरपणातल्या तपासणीत अनेकदा बायकोचाच रिपोर्ट आधी हाती येतो आणि रोग तिनेच आणला असं ठरतं. त्यामुळे ही सवलत मोलाची.

सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ही तपासणी फुकट होते, समुपदेशक बसवून बोलतो. खासगी दवाखान्यांनीही हा एक कागद चळतीतून वेगळा काढावा, तो पेशंटच्या भाषेत वाचून दाखवावा, नको म्हणण्याची मुभा द्यावी. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दवाखान्याला तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्याचं नाव आणि फोन नंबर भरतीच्या काउंटरवरच लावायला जिल्हा शल्यचिकित्सकांनी सांगावं.