ध्वजवंदनानंतरचा उपदेश

पंधरा ऑगस्ट हा आपल्या घरांत दुहेरी सणाचा दिवस. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात ध्वजवंदन होते आणि कोणी तरी मान्यवर व्यासपीठावरून सांगतात, "आपल्या तरुणांनी सैन्यात जायला हवे." टाळ्या पडतात, मुलांना खाऊ वाटला जातो आणि माणसे पांगतात. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःच्या मुलापुढे भरतीचा अर्ज ठेवला, हे कोणी विचारीत नाही. माझे भांडण या उपदेशाशी आहे, सैन्याशी नाही.

या उपदेशाच्या पोटात दोन कारणे दडलेली असतात. एक, आपली मुले सैन्यात गेली म्हणजे आपल्या देशनिष्ठेविषयी कोणाला शंका उरणार नाही. दुसरे, नोकरी कायमची आणि पेन्शन पक्की. यातले पहिले कारण अपमानास्पद आहे आणि दुसरे अर्धसत्य.

जन्माने जे मिळाले, त्याचा पुरावा कोणाला आणि का द्यायचा? छोटानागपूरच्या आदिवासी घरातला ख्रिस्ती जवान अल्बर्ट एक्का ३ डिसेंबर १९७१ रोजी गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडला व त्याला मरणोत्तर परमवीर चक्र लाभले. मुंबईत जन्मलेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या काळात भूदलाचे प्रमुख होते. ही माणसे समाजाच्या वतीने दाखला सादर करण्यासाठी लढली, असे म्हणणे म्हणजे त्यांचे शौर्य आपल्या न्यूनगंडाच्या दावणीला बांधणे होय.

आता दुसरे कारण. सैन्यातील जीवनाची उजवी बाजू मी नाकारीत नाही. नियमित वेतन, निवास, कुटुंबाचा औषधोपचार, कँटीनची सवलत, हे सारे खरे आहे. त्याहून मोठी देणगी माणूस घडविण्याची. निरनिराळ्या भाषांची, जातींची मुले एका बराकीत झोपतात, एका ताटात जेवतात. अनेक छावण्यांतील सर्वधर्मस्थळात क्रूस, कुराण, गीता आणि गुरू ग्रंथसाहिब एकाच छपराखाली नांदतात. आपल्या गावकीच्या कुंपणात वाढलेल्या मुलाला हे शिक्षण दुसरीकडे सहसा मिळत नाही.

पण पक्क्या पेन्शनची भाषा करणाऱ्यांनी वर्तमानपत्र तरी वाचावे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार साडेसतरा ते एकवीस वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी भरती होतो. पहिल्या वर्षी मासिक वेतन ३० हजार. त्यातील ३० टक्के सेवानिधीसाठी कापले जातात आणि शासन तेवढीच भर घालते. चार वर्षांअखेर हातात सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम सेवेत घेण्याची मर्यादा २५ टक्के सांगितली गेली. म्हणजे चौघांतले तिघे पंचविशीच्या आतबाहेर घरी परततात. अल्पमुदतीच्या कमिशनवरील अधिकाऱ्याचीही गत फारशी वेगळी नाही. दहा, फार तर चौदा वर्षे सेवा. पेन्शनसाठी मात्र वीस वर्षे लागतात.

आणखी एक हिशेब व्यासपीठावर कधीच मांडला जात नाही. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, पण ती मिळेल केव्हा, हे सीमेवरची परिस्थिती ठरविते. १९८४ पासून सैन्य सियाचीनवर पाय रोवून आहे आणि तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, हिमस्खलन आणि विरळ हवा यांनीच अधिक बळी घेतले. पुण्याजवळ खडकीला पाठीचा कणा जायबंदी झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. उपदेश करणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

"विरह आपल्याला नवा नाही, आखातात आणि जहाजांवर आपली माणसे आहेतच," असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु जहाजावरचा माणूस करार संपताच घरी येतो आणि पटले नाही तर पुढचा करार करीत नाही. जवानाला मनात आले म्हणून निघून जाता येत नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की, त्याच्याकडून केवळ प्राण देण्याची नव्हे, प्राण घेण्याचीही अपेक्षा असते. या प्रश्नावर आपल्या धर्मग्रामात कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

ख्रिस्तसभेने सैनिकाला दूर लोटलेले नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीचे शब्द आपण प्रत्येक मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी उच्चारतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सैनिकाला जनतेच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक मानले. पण त्याच ठिकाणी आंधळ्या आज्ञापालनाने अन्यायी कृत्याचा दोष धुतला जात नाही, असेही बजावले आणि सदसद्विवेकामुळे शस्त्र नाकारणाऱ्यांची माणुसकीने दखल घ्या, असे सांगितले. या शिकवणुकीतला पहिला भाग तेवढा उचलायचा आणि उरलेला झाकून ठेवायचा, हा प्रामाणिकपणा नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या पंधरा ऑगस्टला भाषण नको. निवृत्त जवानाला बोलवा आणि त्याच्या पत्नीलाही बोलवा, कारण घराचा अर्धा मोर्चा तिनेच सांभाळलेला असतो. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलांना छत्रपती संभाजीनगर येथील शासनाच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती द्या. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे, हे मुलींना सांगा. आणि चार वर्षांनी परत येणाऱ्या मुलासाठी शिक्षणाची, कामाची, पतपेढीतून कर्जाची सोय आजच ठरवा.

एवढे समजून एखादा मुलगा जाईन म्हणाला, तर ते पाचारण आहे. आईने त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करून त्याला निरोप द्यावा. आणि जो नाही म्हणेल, त्याच्या देशप्रेमाचे माप काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसऱ्याच्या मुलाला सीमेवर धाडून आपली छाती फुगविणे ही देशभक्ती नव्हे, ती उधारी आहे. ती फेडावी लागते दुसऱ्याच कोणा आईला.