बी.एस्सी.ला शेवटच्या रांगेत का बसवता?

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागला की आपल्या शैक्षणिक पुरवणीत दरवर्षी ‘पुढे काय?’ छापून येते. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयला पानभर जागा, बी.एस्सी. मात्र तळाला, ‘इतर पर्याय’ या चौकटीत. घरोघरीही तेच. रसायनशास्त्राची मनापासून गोडी असलेली मुलेसुद्धा ड्रॉप घेऊन भिलाईच्या क्लासला जातात आणि जेईई पुन्हा हुकली की नाइलाजाने बी.एस्सी.चा फॉर्म भरतात. माझा आक्षेप या उलट्या क्रमाला आहे.

मी रायपूरच्या उरल्यातील एका स्पंज आयर्न कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्या भट्टीत हजार अंशांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. गंधक पकडायला डोलोमाइट घालतात. पाळीचा नमुना लॅबमध्ये आला की तो हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा, स्टॅनस क्लोराइडने लोहाचे क्षपण करायचे आणि ब्युरेटमधून पोटॅशियम डायक्रोमेट थेंबाथेंबाने सोडायचे. जांभळा रंग टिकला की रीडिंग. बारावीच्या प्रॅक्टिकलला मोहर सॉल्ट आणि परमँगनेटचे टायट्रेशन केलेल्या मुलाला यात परके असे फारसे काही नाही. फक्त इथे चुकीला गुण कापत नाहीत, माल परत येतो.

‘पण बी.एस्सी.ला पगार काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या बी.एस्सी.वर उरल्यात पाळीची नोकरी मिळते आणि पगारही बेताचाच असतो. म्हणूनच रसायनशास्त्र घ्यायचे तर एम.एस्सी.पर्यंत जायच्या तयारीने घ्यावे, आणि त्याचे रस्ते आपल्याला वाटतात त्याहून जवळ आहेत. रायपुरात 1948 पासूनचे शासकीय विज्ञान महाविद्यालय आहे, 1964 पासूनचे पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. बी.एस्सी.नंतर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा दिली तर आयआयटीत एम.एस्सी. करता येते, अगदी आपल्या भिलाईच्या आयआयटीतही. जेईई हुकली म्हणजे आयआयटीचे दार कायमचे बंद झाले, असे मानणाऱ्या घरांत हे सांगायला कोणी जात नाही. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम हवा असेल तर पुणे, भोपाळसह सात ठिकाणच्या आयसर संस्था आहेत. ‘नेस्ट’ परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसरला जाता येते. कारखान्याच्या बाजूने ओढा असेल तर रायपूरच्या एनआयटीत केमिकल इंजिनिअरिंग आहे, मुंबईत 1933 पासूनची आयसीटी आहे.

शिवाय नागपूरची एलआयटी आहेच. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली मालमत्ता नागपूर विद्यापीठाला दिली, त्यातून 1942 मध्ये ती उभी राहिली. रायपूरही तेव्हा नागपूरप्रमाणे मध्य प्रांत व वऱ्हाडातच होते. खाणीच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या माणसाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणाचे मोल कळले होते. उरला-सिलतऱ्याच्या कारखानदारांनी दानाचे राहू द्या, निदान सुट्टीत बी.एस्सी.च्या मुलांना आपल्या लॅबमध्ये महिनाभर उभे राहू द्यावे. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला जागा आहे. अडते ते गेटवरच.

आपल्याकडेही एक मागणी आहे. आयसर आणि नेस्टचे अर्ज साधारणपणे बारावीच्या निकालाआधीच भरावे लागतात. निकालानंतरच्या पुरवणीत त्यांची नावे आली तरी त्या वर्षाच्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही. ही माहिती जानेवारी-फेब्रुवारीत, जेईई आणि नीटच्या तारखांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात छापावी. इथल्या मराठी मंडळांनीही गुणवंतांचे सत्कार निकालानंतर जरूर करावेत, मार्गदर्शनाचा कार्यक्रम मात्र परीक्षेच्या आधी ठेवावा. एवढे करूनही मुलाने इंजिनिअरिंगच निवडले तर आनंदच आहे. निदान ती त्याची निवड असेल.

– एक वाचक, उरला (रायपूर)