माणूस चांगला आहे, पण चालणार नाही

इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात निवडणूक आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. पंचायत समितीच्या गणासाठी कुणा शेख, तांबोळी किंवा मुलाणीचं नाव निघालं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "माणूस चांगला आहे, पण चालणार नाही." का, असं विचारलं तर उत्तरही ठरलेलं असतं, "मला काही अडचण नाही ओ, पण लोक मत देणार नाहीत."

हे लोक कोण? वालचंदनगरच्या कॉलनीत विचारा, ते जंक्शनकडे बोट दाखवतील. जंक्शनवाले लासुर्ण्याकडे दाखवतील. पुढारी मतदाराचं नाव सांगतो आणि मतदार पुढाऱ्याचं. पूर्वग्रह सगळ्यांना माहीत आहे, पण तो कुणाच्याच घरचा नाही.

अमेरिकेत निदान तो लपवावा लागतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदासाठी लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली उभे होते. मतदानाआधीच्या पाहण्यांत ते पुढे होते, प्रत्यक्षात थोडक्यात हरले. काही गोऱ्या मतदारांनी पाहणी करणाऱ्याला एक सांगितलं आणि आत जाऊन दुसरंच केलं, असा अर्थ तेव्हा काढला गेला. त्यालाच 'ब्रॅडली इफेक्ट' म्हणतात. अभ्यासकांत त्यावर वाद आहेत, ते असोत. आपल्याकडे तेवढी लपवाछपवीसुद्धा लागत नाही. पूर्वग्रह शेजाऱ्याच्या नावावर टाकला की भागतं, आणि वर त्याला 'गणित' असं भारदस्त नाव देता येतं.

तर मग गणितच करू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे आरिफ नसीम खान यांनी त्यावर नाराज होऊन प्रचार समितीचा राजीनामा दिला, चार दिवस चर्चा झाली, विषय संपला. मुसलमानांनी तरीही भरभरून मतं दिली आणि आघाडीच्या ३० जागा आल्या. धुळ्यात भाजप सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने निकाल फिरवला आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्या मतदानाला काय म्हटलं गेलं? 'व्होट जिहाद'.

जरा थांबून हे नीट बघा. मालेगावच्या मुसलमानांनी एका हिंदू बाईंना खासदार केलं, तो जिहाद. आणि कुठल्याही मुसलमानाला केवळ नावामुळे मत मिळणार नाही असं सगळ्या पक्षांनी आधीच गृहीत धरलं, ते मात्र राजकीय शहाणपण. धर्म बघून मत देतात असा शिक्का ज्यांच्यावर आहे त्यांनी परधर्मीयांना मतं दिली. ज्यांच्याबद्दल 'ते मुसलमानाला मत देणार नाहीत' असं बिनधास्त सांगितलं जातं, त्यांच्यावर शिक्का नाही. खरं तर हा त्या हिंदू मतदाराचाही अपमान आहे. त्याला कुणी विचारलेलंच नाही. उमेदवारच दिला नाही, तर तो नाकारणार कुणाला?

आता आपल्या तालुक्याकडे या. इंदापूरचा मतदार चिन्ह बघत नाही, माणूस बघतो, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ आणि २००४ अशा तीन वेळा इथून अपक्ष निवडून आले. पुढे २०१४ ला ते काँग्रेसकडून, २०१९ ला भाजपकडून आणि २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून लढले. तिन्ही वेळा दत्तात्रय भरणे जिंकले, पण पाटलांचा मतदार झेंडे बदलले म्हणून त्यांना सोडून गेला नाही. निष्ठेचा दाखला कुणी मागितला नाही. मागायला हवा होता असंही मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. झेंड्याच्या पलीकडचा माणूस ज्याला इतका स्वच्छ दिसतो, त्या मतदाराला नावाच्या पलीकडचा माणूस दिसणार नाही, हे कुणी ठरवलं?

दिसतो, याचा पुरावा आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात आहे. कागलमध्ये मुस्लिम मतदार मूठभर. तिथून हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आले आहेत. २०१९ आणि २०२४ ला समोर होते समरजितसिंह घाटगे, म्हणजे कागलचं राजघराणं आणि साखर कारखाना. तरी मुश्रीफच आले. त्यांच्या राजकारणाशी तुमचे-माझे मतभेद असतील, माझे बरेच आहेत. पण ते आले कसे ते पाहा. सदाशिवराव मंडलिकांच्या गटातून पुढे आले, जिल्हा बँक हातात घेतली, गावोगावच्या पेशंटना मुंबईच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचवलं. ज्या घरातला म्हातारा वाचला, त्या घरात उमेदवाराचं नाव वाचून मत ठरत नाही. सिल्लोडला अब्दुल सत्तार २००९ पासून चार वेळा आले, तेही मुस्लिमबहुल मतदारसंघ नसताना. विधानसभेतले बाकी बहुतेक मुस्लिम आमदार मात्र मुंबई, भिवंडी, मालेगाव, अकोला अशा मोठ्या वस्त्यांतून येतात. २८८ मध्ये एकूण दहा.

पूर्वग्रह सगळ्यात जोरात चालतो तो माणूस अनोळखी असताना. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरीसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. मुस्लिम नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय हिंदू नावाच्या जेमतेम एक-तृतीयांश निघाली. कागदावर नावाशिवाय ओळख नव्हती, म्हणून नावानेच निकाल दिला. आपल्या ग्रामपंचायतींत उलटं घडतं. मुसलमानांची दहा-बारा घरं असलेल्या गावातही एखादा तांबोळी किंवा मुलाणी पॅनेलमधून निवडून येतो, कारण गाव त्याला लहानपणापासून ओळखतं. जिल्हा परिषदेच्या गटात गावं वाढतात, ओळख पातळ होते आणि रिकाम्या जागेत नाव येऊन बसतं. ही जागा भरायला पाच-दहा वर्षं लागतात. पक्ष तेवढी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांवर खर्च करतो. आपल्या पोरांना देतो अल्पसंख्याक सेलचं पद आणि ईदच्या शुभेच्छांचा फ्लेक्स.

वालचंदनगरच्या कंपनीत अणुभट्टीचे आणि इस्रोच्या रॉकेटचे भाग बनले. अशा कामात वेल्डचा एक्स-रे निघतो, आणि त्यात वेल्डरचं नाव दिसत नाही. तिकीट वाटपात नेमका नावाचाच एक्स-रे काढतात.

आणि नाव पास झालं तरी परीक्षा संपत नाही. अब्दुल रहमान अंतुले जून १९८० ते जानेवारी १९८२ मुख्यमंत्री होते, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कुलाब्याचं रायगड त्यांनी केलं, निराधारांसाठी अनुदान योजना आणली, भवानी तलवार परत आणण्याचा ध्यास घेतला. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांना जावं लागलं. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्यानंतर आणखी मुख्यमंत्र्यांना आरोपांमुळे खुर्ची सोडावी लागली, आणि त्यांच्या जातीचा माणूस पुन्हा नको असं कुणी म्हटलं नाही.

"मग आपण आपलाच पक्ष करू," असं अनेक तरुण म्हणतात. राग मला समजतो. औरंगाबादला २०१९ ला इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले, पण तेव्हा वंचितची साथ होती आणि समोरची मतं फुटली होती. २०२४ ला ती साथ नव्हती, ते हरले. आपल्या तालुक्यात तर तो हिशेब मांडायलाही जागा नाही. शिवाय आपल्या मोहल्ल्यांतली चाळणी काही फार मोठ्या छिद्रांची नाही. उमेदवार कुठल्या जमातीचा, कुठल्या मसलकचा, बाई कशाला उभी करता, हे प्रश्न कोण विचारतं?

करायचं काम वेगळं आहे. कब्रस्तानची भिंत आणि शादीखाना एवढ्यावरच बोलणारा कार्यकर्ता सगळ्या गटाचा होत नाही. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन, उसाची थकलेली बिलं, कॉलेजच्या वेळेला न येणारी एसटी, यावर तहसीलला निवेदन देणाऱ्यांत आपली नावं हवीत, निवडणूक नसतानाच्या वर्षांत. आणि तिकिटाच्या मुलाखती झाल्या की तालुकाध्यक्षांना लेखी विचारा, सर्वसाधारण जागांवर किती मुस्लिम नावांचा विचार झाला, आणि नाकारलं ते कशाच्या आधारावर.

आणखी एक. ओबीसी जागेवर उभं राहायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. आपल्या अनेक घरांत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'मुसलमान' लिहिलेलं असतं. तांबोळी, अत्तार, बागवान कुठेच नसतं. मग जुन्या महसुली नोंदी, जन्म-मृत्यूचे उतारे शोधावे लागतात. आचारसंहिता लागल्यावर हे जमत नाही. या सुट्टीत आजोबांची ट्रंक उघडा आणि अर्ज टाका.