पिन बदलण्यापूर्वी

दिवाळीची साफसफाई माळ्यापासून सुरू करावी की स्वयंपाकघरापासून, यावर आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. यंदा माळा जिंकला, आणि जुन्या परातींच्या मागून वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर निघाला. गॅरार्ड कंपनीचा; काकांनी १९६८ साली इंग्लंडहून आणलेला. शेजारी जुन्या साडीत बांधलेला रेकॉर्डचा गठ्ठा.

आमची आई शहाऐंशी वर्षांची. पलंगावरूनच म्हणाली, "चालतो का बघ रे."

चालला. आतल्या रबरी चाकाने थोडी कुरकुर केली, एवढेच. जुन्या रेडिओच्या पाठीला ग्रामोफोनसाठी भोके असतात, त्यात वायर खोवली. पण गाणे आले ते पडसे झालेल्या माणसाचे! प्रत्येक 'स' आणि 'श' फाटत होता. मी तसेच पुढे रेटणार, तोच आई म्हणाली, "उचल आधी ती पिन. आणखी एक घालवायची नाही."

या 'आणखी एक'मागे इतिहास आहे. त्या काळच्या पुष्कळ प्लेअरांच्या पिनेला दोन तोंडे असत. एक एलपीसाठी, दुसरे ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डसाठी. छोटा खटका फिरवून तोंड बदलायचे. ७८ च्या पिनेच्या टोकाची गोलाई सुमारे तीन सहस्रांश इंचाची, एलपीची एक सहस्रांश किंवा त्याहून कमी. १९७४ साली मी दहा वर्षांचा होतो. वडिलांनी नवीकोरी एलपी आणली होती. ते कचेरीत गेल्यावर मी ती लावली आणि खटका राहिला ७८ वर. एवढी जाड पिन एलपीच्या बारीक खाचेत उतरत नाही, ती खाचेच्या काठांवरून ओरबाडत जाते. मी ती बाजू हौसेने तीनदा ऐकली! संध्याकाळी वडिलांनी ती लावली, दोन मिनिटे ऐकली, पुसली, कव्हरात घातली. बोलले काहीच नाहीत. त्यापेक्षा दोन चापट्या परवडल्या असत्या.

झिजलेली पिनही हाच उद्योग करते, फक्त हळूहळू. हिऱ्याचे टोक साधारण पाचशे ते हजार तास टिकते, नीलमण्याचे त्याच्या मानाने फारच थोडे. झिजले की त्याला सपाट कडा येतात आणि त्या मऊ प्लास्टिकला तासतात. मग वडिलांसारख्या काटेकोर माणसाने पिन वर्षानुवर्षे का बदलली नाही? मला वाटते, दोष आजोबांच्या ग्रामोफोनचा. लाखेच्या त्या रेकॉर्डमध्ये दगडाची भुकटी मिसळलेली असे. ती पोलादी पिनेलाच घासून आपल्या खाचेजोगी करून घेई, आणि पिन दर बाजूला फेकून द्यायची. त्या पिढीचा समज झाला की झिजते ती पिन. रेकॉर्डही झिजते, हे एलपीने आम्हांला फार उशिरा शिकवले. वडिलांनी तर आवाज बिघडल्यावर दांड्यावर पंचवीस पैशांचे नाणे मेणाने चिकटवले होते. म्हणजे ओरखडा आणखी खोल!

आता माझा शहाणपणा ऐका. नुसती पिन कशाला, सगळे कार्ट्रिजच नवे बसवू, म्हणून मी मॅग्नेटिक जातीचे आणले. अर्ध्या इंचाच्या अंतरावरचे दोन स्क्रू बरोबर बसले, पांढरी, निळी, लाल, हिरवी अशा चारही वायरी जागच्या जागी लागल्या. रेकॉर्ड लावली, तर कान रेडिओला टेकवावा तेव्हा कुठे डास गुणगुणावा तसे ऐकू येई. ही कढईपाशीच होती. म्हणाली, "आता हे पैसे कुठल्या खात्यावर मांडू?"

चोरबाजाराजवळच्या एका गल्लीतल्या वृद्ध कारागिरांनी उलगडा केला. मॅग्नेटिक कार्ट्रिज व्होल्टचे जेमतेम चार-पाच सहस्रांश देते. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी केलेला आणि तार चढवलेला असतो, तो समतोल परत साधणारी वेगळी पेटी त्याला लागते. जुने सिरॅमिक कार्ट्रिज मात्र कितीतरी पट जोरकस, सरळ रेडिओला चालणारे. भिंगातून आमचे जुने कार्ट्रिज पाहून ते म्हणाले, "साहेब, हे जिवंत आहे. क्रिस्टलचे असते तर आपल्या पावसाळ्याने कधीच खाल्ले असते." ते खरेच आहे. क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाचा क्षार असतो, आणि तो दमट हवेत पाणी धरून निकामी होतो. तेव्हा घरात जुना प्लेअर असेल, तर खरेदीआधी कार्ट्रिजवर छापलेला नंबर भिंगाने वाचून कागदावर लिहून घ्या. जुन्या नंबरांच्या नुसत्या पिना आजही मिळतात. आमची टपालाने आली.

बसवायला दहा मिनिटे पुरली. प्लगसुद्धा काढून ठेवला होता, आणि टेबलावर पांढरे धोतर पसरले होते; मोझाइकच्या फरशीवर पडलेली पिन देवालाही सापडणार नाही. आमची पिन चिमट्याने किंचित ओढताच सुटली. नवी बसवताना एक ध्यानात ठेवावे लागले. पिनेची काडी आतल्या रबरी खाचेत टेकलीच पाहिजे, नाहीतर पिन नवी आणि आवाज नाही! मग नाणे खरवडून काढले आणि दांड्याचा भार छोट्या काट्यावर मोजला. आमच्या कार्ट्रिजला चार ग्रॅम हवेत. भरले साडेआठ! मागचे वजन सरकवून चारावर आणले.

कारागिरांनी बजावले होते, की पहिल्यांदा कामातून गेलेली रेकॉर्ड लावा. तशी आमच्याकडे एक होतीच. खटका एलपीवर आहे ना, हे दोनदा पाहून १९७४ ची ती एलपी चकतीवर ठेवली. घाईत उलटी ठेवली गेली असावी. कारण पिन टेकली आणि खरखर आलीच नाही. तंबोरा लागला, आवाज लागला, अगदी स्वच्छ. मी बिघडवली होती ती एकच बाजू. ही दुसरी बाजू पन्नास वर्षे तशीच होती.

आई उठून बसली. "ही बाजू यांनी कधी लावलीच नाही," ती म्हणाली.

बाजू संपेपर्यंत स्वयंपाकघरातले झारेही थांबले होते. मग आईने गठ्ठ्यातून हिराबाई बडोदेकरांची ७८ ची रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली. मी वेग बदलला, खटका फिरवला. तिने चष्मा लावला, वाकून तो खटका स्वतः पाहिला आणि मगच म्हणाली, "हं. लाव आता."