परिचारिकांवर एस्मा, रुग्णांवर नफेखोरी!

रायपूरच्या बूढापारा भागातील बूढा तलावाकाठचे धरणास्थळ हे छत्तीसगडच्या कष्टकऱ्यांचे वर्षानुवर्षांचे व्यासपीठ होते. २०२२ मध्ये ते तेथून उठवून शहराबाहेर, नवा रायपूरच्या तूता येथे नेण्यात आले. कष्टकऱ्यांचा आवाज नजरेआड करणाऱ्या राजवटींनी परिचारिकांची मागणी कशी हाताळली, हे या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे.

२०१८ च्या मे-जूनमध्ये वेतनश्रेणीसाठी छत्तीसगडच्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. तेव्हाच्या भाजप सरकारने एस्मा लावून शेकडो परिचारिकांना तुरुंगात डांबले. जुलै २०२३ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संपावर काँग्रेस सरकारने हाच कायदा उगारला. झेंडे बदलले, बडगा तोच राहिला! दोन्ही वेळा सबब एकच : सेवा अत्यावश्यक आहे, संपाने रुग्ण दगावतील.

ही सेवा अत्यावश्यक आहे, यात शंकाच नाही. हृद्रोग्याच्या उशाशी परिचारिका नेमके काय करते? डिगॉक्सिनची गोळी देण्यापूर्वी ती पूर्ण एक मिनिट नाडी मोजते. ठोके साठाखाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवते. रक्ताची गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज चालू असताना ती रक्तदाबावर आणि रक्तस्रावावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. फ्युरोसेमाइड घेणाऱ्या रुग्णाची लघवी आणि वजन रोज मोजून नोंदविते. हृदयाची लय घातकरीत्या बिघडली तर विद्युत्झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. तो बिघाड बहुधा प्रथम पाहते ती परिचारिकाच.

म्हणूनच हृद्रोग अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. एकीवर अनेक खाटांचा भार टाकला की नाडी घाईने मोजली जाते, नोंद राहून जाते, औषधाची वेळ टळते. हा दोष तिच्या हातांचा नव्हे, पदे रिक्त ठेवणाऱ्यांचा आहे. संपाच्या दिवसांत रुग्णाचा कळवळा येणाऱ्या सरकारांना उरलेल्या दिवसांत हा निकष का आठवत नाही?

खाजगी रुग्णालयांचे चित्र याहून उग्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये वेतन मिळावे, अशी शिफारस केली. शिफारशीला कायद्याचे बळ देण्याची जबाबदारी सरकारांची होती. ज्या सरकारांना एस्मासाठी एक दिवस पुरतो, त्यांना वेतनासाठी वर्षे अपुरी पडतात!

आणि रुग्णाला खरोखर लुटतो कोण? १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरविली. तोवर लेपित स्टेंटसाठी रुग्णांकडून लाखाहून अधिक रक्कम उकळली जात होती, आणि त्यातील सर्वांत मोठा नफा रुग्णालयांच्या पातळीवर होता, हे प्राधिकरणाच्याच आकडेवारीने उघड केले. या नफेखोरीसाठी कोणाला तुरुंग दिसला? जमीन-दागिने विकून उपचार घेणाऱ्या कुटुंबाच्या छातीवर बसलेल्यांना एस्मा लागू होत नाही. तो लागू होतो रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला.

संपाच्या काळातही हृद्रोग्याची आणीबाणीची सेवा अखंड चालू ठेवणे, ही परिचारिकांच्या चळवळीची जबाबदारी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांची काळजी खरी आहे. तिला उत्तर दिल्याशिवाय जनता लढ्यामागे उभी राहणार नाही. परंतु त्याच नातेवाइकांना हेही सांगितले पाहिजे की पुरेशा परिचारिका, कायम नेमणुका, सन्मानाचे वेतन आणि सरकारी रुग्णालयात मोफत औषध या मागण्या रुग्णाच्याच आहेत. परिचारिका आणि रुग्ण यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा डाव हाणून पाडा! धरणे तूत्याला नेले तरी हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाच्या दारात उभा आहे. तो तेथेच संघटित आवाजाने विचारला पाहिजे.